शैवालवाढीचा प्रयोगसंच: मिठाची बाजू भक्कम, पोषकांची लंगडी

गोड्या पाण्यातल्या शैवालाची वाढ शिकवायला तयार संच घ्यावा का, असं शिक्षक मंडळी मला अनेकदा विचारतात. घ्यावा, हेच माझं उत्तर आहे. मात्र सोबतची पुस्तिका जशीच्या तशी राबवली तर मुलं क्षारतेबद्दल, म्हणजे पाण्याच्या खारटपणाबद्दल, बरंचसं बरोबर शिकतील आणि फॉस्फरसबद्दल जवळजवळ उलटं शिकून बाहेर पडतील. म्हणून हे परीक्षण तपशिलात लिहिते आहे. मी शैवालांवर शिकले, आता तेच शिकवते, आणि हा विषय मुलांपर्यंत नीट पोहोचावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. संचाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या त्रुटी सांगणार आहे त्या या रचनेचा कुठलाही संच घेताना तपासून पाहाव्यात अशा आहेत.

खोक्यात येतं ते असं: अगरच्या तिरप्या नळीवर वाढवलेलं क्लोरेला व्हल्गॅरिस या एकपेशीय हिरव्या शैवालाचं जिवंत संवर्धन, बोल्डच्या माध्यमाचं (शैवाल वाढवायच्या पोषक पाण्याचं) तीव्र द्रावण, तेच माध्यम नायट्रेट वगळून आणि फॉस्फेट वगळून केलेल्या आणखी दोन बाटल्या, वजन करून भरलेल्या मिठाच्या पुड्या, कापसाच्या बोळ्यांसकट परीक्षानळ्या, पेशी मोजायची न्यूबॉअर काचपट्टी, पेनाच्या आकाराचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) मीटर, हिरव्या छटांचा रंगतक्ता आणि पुस्तिका. दिवा आणि सूक्ष्मदर्शक आपला आपण बघायचा.

संवर्धनाला पैकीच्या पैकी गुण. मागवलं तेव्हा दर वेळी ताजं, गर्द हिरवं आलं, आणि माध्यमात सोडून उजेडात ठेवल्यावर लगेच वाढायला लागलं. क्लोरेलाची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. १८९० मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी हिचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत तिच्याइतकं राबलेलं हिरवं शैवाल क्वचितच असेल. पेशी गोल, २ ते १० मायक्रॉनची. पोहण्यासाठीची शेपटी, म्हणजे कशाभिका, नाही, त्यामुळे मोजणीच्या चौकोनात जिथे आहे तिथेच बसून राहते. आईपेशीच्या आत बहुधा चार पिल्लं तयार होतात, कधी दोन, कधी आठ किंवा सोळा, आणि भिंत फाटली की ती मोकळी होतात. फुटायच्या बेतात असलेली अशी एखादी पेशी मुलांना दाखवता आली की ‘वाढ’ म्हणजे नेमकं काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण क्लोरेला चिवट आहे, आणि ही गोष्ट पुस्तिकेने ठळकपणे सांगायला हवी होती. गोड्या पाण्यातली सगळी शैवालं हिच्यासारखी नसतात. डेस्मिड नावाची सूक्ष्म हिरवी शैवालं, स्पायरोगायरासारखी तंतुमय शैवालं यांतल्या कित्येकांना क्लोरेला आरामात पचवते त्याहून खूप कमी मीठ बाधतं. त्यामुळे या संचातून निघालेला आकडा हा क्लोरेलाचा आकडा आहे, तो तळ्याचा आकडा नाही. शक्य असेल त्यांनी शेजारच्या एका नळीत स्पायरोगायराचे चार तंतू ठेवावेत. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या हिरव्या सर्पिल पट्ट्या मिठाच्या पाण्यात आक्रसून भिंतीपासून सुटताना दिसतात, आणि क्लोरेलात जे डोळ्यांना दिसत नाही ते तिथे समोर दिसतं.

आता मिठाचा भाग. संचाची ही सगळ्यांत चांगली बाजू. पुड्यांत शुद्ध सोडियम क्लोराइड आहे, स्वयंपाकघरातलं नव्हे. म्हणजे आयोडीन नाही आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यंही नाहीत. लिटरला १, २, ५, १० आणि २० ग्रॅम अशा पायऱ्या आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात हे लक्षात घेतलं तर शेवटची पायरी समुद्राच्या निम्म्याच्याही पुढे जाते.

पेशीत काय होतं याचं पुस्तिकेतलं वर्णन सुरेख आहे. गोड्या पाण्यात पेशीच्या आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा दाट असतं, त्यामुळे पाणी सतत आत यायला बघतं आणि भिंत त्याला थोपवून धरते. बाहेर मीठ वाढलं की हा उतार उलटा होतो. पाणी बाहेर पडतं, पेशी सैल पडते. मग पेशी आतला दाटपणा वाढवण्यासाठी प्रोलीन, सुक्रोज असे रेणू जमवायला लागते. पाण्याचा हा झगडा चालू असतानाच सोडियम आत शिरतो, पोटॅशियमच्या जागा अडवतो, विकरांच्या कामात खोडा घालतो. त्याला बाहेर फेकायला ऊर्जा लागते. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा, विशेषतः दुसरी प्रकाशप्रणाली, उजेडात सतत बिघडत असते आणि सतत दुरुस्त होत असते. मिठाच्या ताणाखाली ती दुरुस्ती मंदावते. एवढा सगळा खर्च निभावून जे उरेल त्यातून पेशी वाढते. हे पान मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते.

आमच्या नळ्यांमध्ये १ आणि २ ग्रॅमला मिठाशिवायच्या नळीहून फारसा फरक दिसला नाही. ५ ग्रॅमला सुरुवात रेंगाळली आणि मग वाढीने वेग घेतला. १० ग्रॅमला घसरण स्पष्ट होती. २० ग्रॅमच्या नळ्या फिकट पडल्या, पेशी गुठळ्या होऊन तळाशी बसल्या. एक गोष्ट आवर्जून करून बघा: एका नळीत १० ग्रॅम मीठ एकदम घाला आणि दुसरीत तेवढंच थोडं थोडं करत चढवत न्या. दुसरी नळी स्पष्टपणे बरी राहते. नद्यांमध्ये मीठ एका दिवसात येतं की वर्षानुवर्षं हळूहळू चढतं, या प्रश्नाचा धागा इथून उचलता येतो.

दोन त्रुटी मात्र सांगायला हव्यात. पहिली अशी की मीठ घातल्यावर वाढ थांबली, ती पाणी ओढलं गेल्यामुळे की सोडियम-क्लोराइड बाधल्यामुळे, हे या मांडणीतून कळत नाही. त्यासाठी न बाधणाऱ्या पदार्थाने तेवढाच परासरणी दाब (पेशीतलं पाणी बाहेर ओढणारी ताकद) आणलेली एक नळी लागते. ५.८ ग्रॅम मीठ म्हणजे लिटरला ०.१ मोल, त्याच्या तोडीला साधारण ३५ ग्रॅम मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ लागेल. मोठ्या मुलांबरोबर मी ही नळी लावतेच, फक्त तिथे निर्जंतुकीकरण कडक ठेवावं लागतं, नाहीतर जिवाणूंना मेजवानी मिळते. दुसरी त्रुटी जास्त महत्त्वाची आहे: पायऱ्या शून्यावरून थेट १ ग्रॅमवर उडी मारतात. गोडं पाणी म्हणतात ते लिटरला साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आतलं. म्हणजे खऱ्या तळ्या-नद्यांत जे काही घडतं त्याचा जवळजवळ सगळा पट्टा पहिल्याच उडीत मागे पडतो. अमेरिकेत जलचरांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम धरतात, कॅनडात १२०. २३० मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे सुमारे ३८० मिलिग्रॅम मीठ, १ ग्रॅमच्या पुडीच्या निम्म्याहूनही कमी. त्या पातळीला क्लोरेलाला काहीच होत नाही. ते दाखवणंही मला गरजेचं वाटतं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे; तिच्याकडे येतेच.

आधी पोषकं, कारण खरी तक्रार तिथे आहे.

बोल्डचं माध्यम हे शैवालांना भरपेट खाऊ घालण्यासाठी बनवलेलं आहे. एका लिटरमध्ये २५० मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ७५ मिलिग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट आणि १७५ मिलिग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह आणि सूक्ष्ममात्रेतले धातू. हिशोब केला तर नायट्रोजन २.९ मिलिमोल आणि फॉस्फरस १.७ मिलिमोल निघतो. म्हणजे एका फॉस्फरसमागे दोनसुद्धा नायट्रोजन अणू नाहीत. उलट प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात, रेडफिल्ड या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्यावरून दाखवून दिल्याप्रमाणे, सरासरी एका फॉस्फरसमागे १६ नायट्रोजन असतात. या माध्यमात वाढणारी क्लोरेला नायट्रोजन संपवून बसते तेव्हाही फॉस्फरसचा ढीग तसाच शिल्लक असतो.

वजनात बघा. १.७ मिलिमोल म्हणजे लिटरला ५३ मिलिग्रॅम फॉस्फरस. तळ्यात एकूण फॉस्फरस लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की ते अतिपोषित, म्हणजे पोषकं जास्त होऊन शैवालाने हिरवं पडणारं, गणायला लागतात. दोन्हींत हजारपटीहून अधिक अंतर आहे. पुस्तिका सांगते, ‘माध्यम दहापट विरळ करा आणि पोषकांच्या कमतरतेचा परिणाम पाहा.’ दहापट विरळ केल्यावरही फॉस्फरस ५ मिलिग्रॅम उरतो, म्हणजे हिरव्यागार तळ्याच्या शंभरपटीहून जास्त. परिणाम दिसतो, पण तो नायट्रोजनच्या कमतरतेचा. मुलं वहीत लिहितात ‘पोषकं कमी’, आणि कुठलं पोषक ते कुणी विचारत नाही.

फॉस्फेट वगळलेली बाटली हा घोटाळा सोडवेल असं वाटतं. ती तो वाढवते. भरपेट माध्यमात वाढलेली क्लोरेला गरजेपेक्षा कितीतरी जास्त फॉस्फरस उचलते आणि पॉलिफॉस्फेटच्या रूपात साठवून ठेवते. पगार बंद झाला तरी शिलकीवर काही महिने घर चालतं, तसं फॉस्फेटविना माध्यमात टाकल्यावरही ती पेशी त्या साठ्यावर दुप्पट, चौपट होत राहते. पुस्तिकेने दिलेल्या मुदतीत ही नळी चांगली हिरवी दिसते, नायट्रेट वगळलेली मात्र पिवळी पडलेली असते, आणि वर्गाचा निष्कर्ष निघतो: शैवालाला नायट्रोजन लागतो, फॉस्फरसवाचून भागतं.

या निष्कर्षाचं मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण गोड्या पाण्याच्या शास्त्रातला एक फार मोठा प्रयोग नेमकं याच्या उलट सांगतो. कॅनडात ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत. त्यांतलं २२६ क्रमांकाचं सरोवर मधोमध चिंचोळं आहे. १९७३ मध्ये सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा पडदा टाकून सरोवराचे दोन भाग केले. दोन्हींकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला. फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसची बाजू निळ्या-हिरव्या शैवालाने भरून गेली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो पाहिला की पुन्हा विसरता येत नाही. सगळ्याच पाण्यांत एकटा फॉस्फरस सूत्रधार असतो असं नाही. कित्येक ठिकाणी नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळूनच लगाम धरतात. पण मुलांनी फॉस्फरसला मोडीत काढून घरी जाणं हे त्या फोटोनंतर मान्य करता येत नाही.

सुदैवाने उपाय संचातल्याच बाटल्यांत आहे. पूर्ण माध्यम ३ भाग आणि फॉस्फेट वगळलेलं माध्यम ९७ भाग असं मिश्रण करा. नायट्रोजन पूर्वीइतकाच राहतो, फॉस्फरस लिटरला सुमारे १.६ मिलिग्रॅमवर येतो आणि नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण ५७ च्या आसपास जातं. आता फॉस्फरस खरोखर आधी संपेल. पण त्यात टाकायची क्लोरेला आधी फॉस्फेटविना माध्यमात धुऊन, त्याच माध्यमात काही दिवस उपाशी ठेवून, मग वापरायची. एवढं केल्यावर पूर्ण माध्यमाची नळी आणि ही नळी शेजारी ठेवा. फरक दाखवायला रंगतक्ता लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: या माध्यमातला फॉस्फेट हा अन्नही आहे आणि सामू (पीएच) स्थिर ठेवणारा आधारही. तो काढला की शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू झपाट्याने वर चढतो. त्यामुळे फॉस्फेट वगळलेल्या नळीत एक नव्हे, दोन गोष्टी बदललेल्या असतात. सामूच्या कागदी पट्ट्या संचात नाहीत. त्या घ्याव्यात आणि रोज नोंद ठेवावी.

टीडीएस मीटरबद्दल थोडक्यात. मिठासाठी तो चांगला आहे, पोषकांसाठी निरुपयोगी. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून ‘विरघळलेले क्षार’ दाखवतो. लिटरला १ ग्रॅम मीठ असलेलं पाणी २५ अंशांना साधारण २ मिलिसीमेन्स वाहकता देतं. मीटरचा गुणक ०.५ असेल तर पडद्यावर १००० दिसेल, ०.७ असेल तर १४००. दोन्ही मीटर आपापल्या परीने बरोबरच असतात. म्हणून पहिल्या दिवशी १ ग्रॅमच्या पुडीचं द्रावण करून आपला मीटर कुठला ते तपासून घ्या. २० ग्रॅमची नळी त्याच्या आवाक्याबाहेर जाते. ती मोजून विरळ करून मोजावी लागते. आणि बोल्डच्या माध्यमात मीठ न घालताच लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असतात, त्यामुळे ‘शून्य मीठ’ नळीवरही मीटर मोठा आकडा दाखवतो. मुलं तिथे गोंधळतात. तो गोंधळ दाबू नका, त्यावर बोला. पोषकं हेही क्षारच आहेत. पण तळं हिरवं करायला पुरणारे ३५ मायक्रोग्रॅम या मीटरला कधीच दिसणार नाहीत. ज्या पाण्याचा टीडीएस कमी ते शैवालापासून सुरक्षित, असा समज बाळगणारी मोठी माणसंही मला भेटतात.

रंगतक्ता बाजूला ठेवा, असं मी स्पष्ट सांगेन. तो हरितद्रव्य मोजतो, वाढ नव्हे. नायट्रोजन संपला की पेशी स्वतःचंच हरितद्रव्य मोडायला काढते, कारण त्यात आणि त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत नायट्रोजन असतो. पेशी पिवळट होते, आत मेद साठवते, पण संख्येने कमी होत नाही. तक्ता म्हणतो वाढ घटली. काचपट्टी म्हणते पेशी तेवढ्याच आहेत. मिठाच्या ताणातही हेच अर्धवट घडतं. उलट काचपट्टी या संचातली सर्वोत्तम वस्तू आहे: रेषा सुबक, आच्छादन काच जाड आणि सपाट. मोठ्या चौकोनाची बाजू १ मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर, त्यामुळे एका चौकोनातल्या सरासरी पेशींना १०,००० ने गुणलं की मिलिलिटरमधली संख्या मिळते. मोजण्याआधी नळी नीट हलवायची, खाली बसलेल्या गुठळ्या मोडायच्या. मुलं पहिल्यांदा कंटाळतात. मग रेषेवरची पेशी धरायची की सोडायची यावर तावातावाने वाद घालायला लागतात, आणि मला तो वाद ऐकायला फार आवडतो.

काचपट्टी हातात असल्यामुळेच पुस्तिकेचा एक निर्णय मला खटकतो. ती शेवटच्या दिवशी एकदाच मोजायला सांगते. मीठ आणि पोषकं शैवालावर वेगवेगळ्या ठिकाणी हात ठेवतात. बंद नळीत पोषकांचा साठा ठरवतो की पीक शेवटी कुठवर चढेल. मध्यम मीठ बहुधा ठरवतं की तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल. ५ ग्रॅमची नळी उशिरा सुरू होते, पण पोषकं भरपूर असतील तर बऱ्याच अंशी गाठते. तिला शेवटी मोजलं तर मिठाचा परिणाम पुसला जातो. मधल्या दिवसांत मोजलं तर तोच परिणाम ठळक दिसतो. म्हणून एक दिवसाआड मोजा, संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन आलेख काढा. सरळ चढाचा उतार म्हणजे वाढीचा दर, ०.६९३ ला त्याने भागलं की पेशी दुप्पट व्हायचा काळ मिळतो. सुरुवातीचा सपाट भाग, चढ आणि वरचं पठार, तिन्ही वेगवेगळे वाचायला शिकवा.

आणि मग दोन्ही गोष्टी एकत्र करा. पुस्तिकेत मीठ हा पहिला प्रयोग आहे, पोषकं हा दुसरा, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. माझ्या मते संचाची खरी ताकद इथे वाया जाते. आम्ही तीन मिठाच्या पातळ्या आणि तीन नायट्रेटच्या पातळ्या अशी नऊ खणांची मांडणी करतो, नळ्या पुरतात. पूर्ण नायट्रेटच्या ओळीत ५ ग्रॅमची नळी मागून येऊन गाठते. नायट्रेट दहावा हिस्सा असलेल्या ओळीत तेच ५ ग्रॅम मीठ पठारच खाली आणतं. वाट कितीही बघितली तरी ती नळी आपल्या बिनमिठाच्या शेजारणीपर्यंत पोहोचत नाही. मला पटणारं कारण प्रोलीनमध्ये आहे. मिठाशी झुंजायला पेशी प्रोलीन साठवते, प्रोलीनमध्ये नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजनच तुटपुंजा असेल तर तो वाढीच्या वाट्यातूनच कापला जातो. मीठ किती सोसवेल हे पोषकांवर ठरतं आणि पोषकं किती पुरतील हे मिठावर. ‘क्लोरेला अमुक ग्रॅम मीठ सहन करते’ या वाक्यात माध्यमाचं नाव नसेल तर ते वाक्य अर्धं आहे.

आता ती राहिलेली गोष्ट: ३८० मिलिग्रॅम मीठ, ज्याने क्लोरेलाला काहीच होत नाही. तळ्यात शैवालाला खाणारेही असतात, डाफ्नियासारखे पाणपिसू. मीठ त्यांना आधी बाधतं. २०२२ मध्ये उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या १६ ठिकाणी एकाच पद्धतीने केलेल्या प्रयोगांचे निकाल प्रसिद्ध झाले. क्लोराइडच्या सरकारी मर्यादांच्या आसपासच, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याही आत, प्राणिप्लवकांची, म्हणजे डाफ्नियासारख्या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांची, संख्या कोसळली, आणि जवळपास निम्म्या ठिकाणी शैवाल वाढलं. मीठ घातल्याने गोड्या पाण्यातलं शैवाल वाढलं! परीक्षानळीत मुलं जे शिकतात त्याच्या हे बरोबर उलट आहे, आणि दोन्ही खरं आहे. पुस्तिकेत यावर एक ओळही नाही. एका बरणीत थोडे डाफ्निया सोडून, दोन बरण्यांत वेगवेगळं मीठ ठेवून हे दाखवणं अवघड नाही. पुढच्या आवृत्तीत उत्पादकांनी डाफ्नियाची कुपी द्यावी, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी पुस्तिकेत ओडर नदीवर दोन पानं लिहिण्याची. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या या नदीत शेकडो टन मासे मेले. पाणी कमी, उष्णता जास्त, पोषकं मुबलक, आणि खाणी-कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेले क्षार. त्या खारटलेल्या पाण्यात प्रिम्नेशियम पार्व्हम हे सोनेरी शैवाल बहरलं. ते एरवी खाडीसारख्या मचूळ पाण्यातलं, आणि माशांचे कल्ले निकामी करणारं विष बनवणारं. नुसत्या पोषकांवर नदीत दुसरं काही उगवलं असतं, नुसत्या मिठात इतका बहर आला नसता. नऊ खणांचा प्रयोग केलेल्या मुलांना ही घटना सांगितली की ती पुढचे प्रश्न आपण होऊन विचारतात: मीठ वाढल्यावर कोण गेलं, आणि त्याची जागा कोणी घेतली?

किरकोळ बाबी. कापसाचे बोळे घट्ट आहेत, पण १० ग्रॅमच्या वरच्या नळ्यांत बाष्पीभवनाने मीठ आणखी दाटतं, म्हणून पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी आणि उतरलेलं पाणी उर्ध्वपातित पाण्याने भरावं. सगळ्या नळ्या दिव्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात आणि रोज जागा बदलायला हव्यात; हे पुस्तिकेत आहे, चांगलं लिहिलंय. तीव्र द्रावणाच्या बाटल्या थंड जागी बऱ्याच टिकतात. तळाशी साका दिसला तर ती बाटली टाकून द्यावी, कारण बसलेलं बहुधा फॉस्फेट किंवा लोहच असतं आणि मग सगळा हिशोब बिघडतो. काम झाल्यावर संवर्धन तळ्यात किंवा नाल्यात ओतू नये. ब्लीच घालून रात्रभर ठेवावं आणि मग मोरीत सोडावं. पुस्तिका हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सांगते. ते पहिल्या पानावर हवं.

लहान वर्गांसाठी नुसता मिठाचा भाग घेतला तरी संच वसूल होतो. ज्यांना पोषकं शिकवायची आहेत त्यांनी सामूच्या पट्ट्या, फॉस्फेट तपासायचा निळ्या रंगाचा चाचणीसंच आणि हातात भरपूर आठवडे घेऊन बसावं. मागवताना पुरवठादाराला एवढं विचारा: फॉस्फेट वगळलेल्या बाटलीत पोटॅशियमची भरपाई पोटॅशियम क्लोराइडने केली आहे का? आमच्या बाटलीच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं. उत्तर ‘नाही’ आलं तर ती बाटली स्वतः बनवा, कारण तिथे उपास फॉस्फरसचा आहे की पोटॅशियमचा हे कुणालाच सांगता येणार नाही.